झावळ्यांच्या दाराला कुलूप

बेटाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर येत्या दिवाळीत आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी फरसाणाची पाकिटं आणि गाण्यांचा डबा घेऊन तिथे हजर होतील. लक्षद्वीपच्या बाजूला आहे, कायमची वस्ती नाही, हॉटेल नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही आणि वाळू पांढरी आहे, एवढं पुरे. वाळूच्या रंगाबद्दल मात्र स्वतः जाऊन येईपर्यंत माझाही विश्वास नव्हता.

माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. दोष माझा नाही, धंद्याचा आहे. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. उमेदीची सगळी वर्षं काशीमीऱ्याच्या गॅरेजांमध्ये चेपलेले ट्रक बघण्यात गेली. गाडी झाडावर आदळली असं मालक सांगे, आणि चेपलेल्या पत्र्यावर दुसऱ्याच गाडीचा रंग लागलेला असे. ड्रायव्हरला चहाला एकीकडे न्यायचं, मालकाला दुसरीकडे, आणि दोघांना एकच प्रश्न विचारायचा, ही माझी पद्धत. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. भाजीवाल्याने 'आजचीच आहे' म्हटलं तरी मी कोथिंबिरीची देठं तपासतो.

मीरा रोड

या प्रवासाची सुरुवात एका फोटोने झाली. माझी मुलगी केतकी भाईंदरला फिजिओथेरपिस्ट आहे. एका रविवारी तिने फोन माझ्यापुढे धरला. निळं पाणी, पांढरी वाळू, तीन माड.

"कसं आहे, बाबा?"

"खोटं आहे," मी म्हणालो. फोटो मोठा करून पाहिला. वाळूत एक पिशवी नाही, बाटली नाही, चप्पल नाही. "असा किनारा या देशात असूच शकत नाही. आणि तू हे दाखवतेयस का, ते आधी सांग."

तेव्हा तिने सांगितलं. मुलगा पालीचा, उत्तनजवळच्या. मच्छीमार ख्रिस्ती घराणं. नाव मेल्विन. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि त्याच कामासाठी वर्षातून दोनदा त्या बेटांवर जातो. त्याच्या आईचे गुडघे केतकीकडे होते, त्यातून ओळख झाली. आता दोघांना लग्न करायचंय.

मेकॅनिक. आयुष्यभर ज्या जमातीला मी खोटं बोलताना पकडलं, त्यातलाच एक माझ्या मुलीने शोधून आणला होता. काशीमीऱ्याहून पालीला जायला तासही लागत नाही, पण माझ्या चौकशीच्या नकाशात ते गाव कधी आलंच नव्हतं.

"तुम्ही त्याला इथे बोलावून सोफ्यावर बसवाल आणि उलटतपासणी घ्याल," केतकी म्हणाली. "तसं नको. तो आपल्याला त्या बेटावर न्यायला तयार आहे. चार दिवस त्याच्यासोबत राहा. नंतरही तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण हो म्हणालात तर अण्णाकाकांना तुम्ही सांगायचं."

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. गुहागरला असतात. आमच्या घरात कुणाचंही लग्न त्यांच्या होकाराशिवाय ठरलेलं नाही. मी फोन केला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्यातला नाही, आपल्या बाजूचा नाही. नीट चौकशी कर. तुला त्यातलं कळतं म्हणून सांगतो. तू म्हणशील तसं."

मोठ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा 'तू म्हणशील तसं' म्हटलं, तेही अशा वेळी. मला रात्री जेवण गेलं नाही.

बायको, शैला, मात्र त्याच दिवसापासून टोपी शोधायला लागली. "अहो, आपण लग्नानंतर माथेरानच्या पुढे गेलोच नाही," ती म्हणाली. "तुम्ही मुलाची चौकशी करा. मी समुद्र बघते."

चौकशीची चौकशी

या बेटांवर उठलं आणि गेलं असं चालत नाही. परवाना लागतो. आणि आम्हाला सांगितलं ते असं, की तिथला एखादा रहिवासी तुमची हमी घेणारा लागतो, शिवाय आपल्या पोलीस ठाण्याचा दाखला. मेल्विनच्या ओळखीचा कुणी हमजा म्हणून होता, तो आमची हमी घ्यायला तयार झाला. न बघितलेल्या माणसांची हमी घेणारा माणूस मला साहजिकच संशयास्पद वाटला.

दाखल्यासाठी हवालदार घरी आला. मी चहा दिला, त्याने घेतला, आणि मग शेजारच्या मेहताभाईंची बेल वाजवली. मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा.

"कैसे आदमी हैं ये?" हवालदार.

"आदमी अच्छा है," मेहताभाई म्हणाले. "थोड़ा शक्की है. मेरा कुरियर भी खोल के देखता है, बोलता है गलती से आ गया."

एकदाच झालं होतं ते, आणि पाकिटावर नाव खरंच पुसट होतं. मागे शैला पदर तोंडात धरून हसत होती.

पाली

मुलाच्या घरी जायच्या आदल्या दिवशी मी एकटा स्कूटरवरून पालीला जाऊन आलो. कुणाला सांगितलं नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुचाकी आली तर एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. एका टपरीवर चहा घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तो इंजिनवाला मेल्विन इथेच राहतो ना? कसा आहे?"

"कोनाला पायजे?" टपरीवाला.

"माझ्या मित्राच्या बोटीचं काम आहे."

"बोट खंय लावलीय?"

मला भाईंदरच्या खाडीपलीकडे एका बंदराचं नाव सुचेना. दोन गल्ल्या अजून फिरलो, सुकत घातलेल्या बोंबलांच्या परातीत जवळजवळ स्कूटर घातली, एका म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून गेलो. मेल्विनची आई दारातच उभी होती. गुडघे धरून चालणारी, पण नजर तेज. तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

"या भाऊ. काल आलता तवा घरान का नाय आलाव? चाय टपरीवर कशाला पिली?"

शैलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही. केतकी जमिनीकडे बघत होती. मेल्विन खुर्च्या लावत होता. सडपातळ, सावळा, नखांत न निघणारं ग्रीस. तो काहीच बोलला नाही, आणि न बोलणाऱ्या साक्षीदाराचा मला पहिल्यापासून राग.

"मासली खाता ना तुमी?" त्याची आई म्हणाली. "का त्याचीबी चौकशी करायची हाय?"

जेवण उत्तम होतं, हे कबूल करतो. ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. आमच्याकडे कालवणात कोकम, त्यांच्याकडे कैरी. बोंबील तोंडात विरघळत होता तरी मी प्रश्न सोडले नाहीत. बेटावर संडास आहे का? आहे. पाणी? विहीर आहे, गोडं. डॉक्टर? नाही. मग काही झालं तर?

"बाजूच्या बेटावर दवाखाना आहे, अंकल. बोटीने जातोय आपण, बोटीने येऊ."

"आणि बोट बंद पडली तर?"

"मी इंजिनवालाच आहे," मेल्विन म्हणाला. हसला नाही. उर्मट आहे की साधा, मला ठरवता येईना.

कोची

कोचीच्या धक्क्यावर जहाजाची वाट बघताना मला पहिला पुरावा सापडला. मेल्विनकडे पाठपिशवीखेरीज एक गोणपाटात शिवलेलं गाठोडं होतं. ते तो सामानात देईना, खाली ठेवेना, आणि केतकीलाही धरू देईना.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"असंच, अंकल. हमजाक्कासाठी आहे."

'असंच' हा शब्द मी हजारदा ऐकला आहे. त्याच्यामागे नेहमी काहीतरी असतं. मी शैलाला बाजूला घेऊन म्हणालो, "तपासणीत काही निघालं तर आपण त्याच्यासोबत नाही असं सांगायचं."

"सांगा तुम्ही," ती म्हणाली. "मी त्याच्यासोबत आहे."

तपासणीच्या टेबलावर गाठोडं उसवलं गेलं. मी डोळे मिटून घेतले. उघडायची गरज पडली नाही, कारण वास आधी आला. सुके बोंबील. टेबलामागचा माणूस दोन पावलं मागे सरला. मेल्विन कानापर्यंत लाल झाला होता.

"आईने दिलेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे सगळे मासे मिळतात, बोंबील मिळत नाही. हमजाक्काची बायको दर वेळी मागते. तुम्हाला वासाचा त्रास नको म्हणून बोललो नाही."

समुद्राच्या मधोमध राहणाऱ्या माणसांसाठी मुंबईहून मासे घेऊन जाणारा जावई. अण्णांना हे कसं सांगायचं, याचा विचार करत मी जहाजावर चढलो. पुढे समुद्र लागला, आणि त्या प्रवासाबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मी तो बहुतेक बादलीकडे बघत केला.

बेट

हमजाक्का आम्हाला त्याच्या बेटावर भेटला. 'क्का' म्हणजे आपल्याकडचा दादा. पन्नाशीचा, पांढरी लुंगी, तुटकं हिंदी. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. मी घड्याळ जागेवर आहे का ते नंतर पाहिलं. तिथून त्याच्या छोट्या होडीने पुढच्या बेटावर गेलो, जिथे त्यांचे लोक फक्त नारळ काढायला आणि मासेमारीला येतात.

होडी उथळ पाण्यात शिरली तेव्हा तळाची वाळू दिसायला लागली. मी उतरलो, खाली वाकलो, मूठभर वाळू उचलून तळहातावर चोळली. पांढरी होती. सायीचा नाही, चुन्याचा नाही, खरा पांढरा रंग. पोवळ्यांचा चुरा आहे तो, असं मेल्विन म्हणाला. भर दुपार होती आणि पाय भाजत नव्हते. आमच्या गुहागरच्या वाळूत त्या वेळी चप्पल काढून दाखवा. मी कोकणात वाढलेला माणूस, समुद्राचं मला कौतुक नाही, पण तिथे मी दुसरी मूठ उचलून पुन्हा चोळून पाहिली. शैला तर साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यातच बसली. सत्तावीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई पाण्यात बसून हाताने पाणी उडवत होती.

मुक्काम झावळ्यांच्या खोपीत. भिंती झावळ्यांच्या, छप्पर झावळ्यांचं, दारही झावळ्या विणून केलेलं, त्याला नुसती एक कडी. आत पाण्याचा पिंप, तांदळाचा डबा, काडेपेट्या आणि आढ्याला टांगलेली औषधांची पेटी. सगळं असंच उघड्यावर.

माडांखाली नारळांचे ढीग पडले होते. आमच्याकडे नारळ पडायचा अवकाश, शेजारचा आवाजाच्या दिशेने निघालेला असतो. इथे कुणी राखणीला नाही. मी हमजाक्काला विचारलं, "चोरी नहीं होता?"

"किधर ले के जाएगा?" तो म्हणाला आणि चूल पेटवायला लागला.

त्या संध्याकाळी नारळाच्या दुधातली ट्यूना आणि भात खाल्ला, वर गुळखोबऱ्याचे लाडू, आपल्या मोदकातल्या सारणासारखे. हमजाक्का परत गेला. उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. मी खोपीच्या भिंतीकडे बघत पडलो. दोन बोटं जातील एवढ्या फटी होत्या.

दुसऱ्या सकाळी मेल्विन आम्हाला बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला नेणार होता. कासवं दिसतात म्हणे तिथे. आम्ही निघालो, आणि थोडं पुढे गेल्यावर मी "टोपी राहिली" म्हणून मागे फिरलो. टोपी खिशात होती. बॅगेत घरून आणलेलं सात लिव्हरचं कुलूप होतं. शैलाचं मंगळसूत्र, परतीची तिकिटं, केतकीचा कॅमेरा, सगळं आत. मी कडीला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली चोरखिशात टाकली. मग मन शांत झालं. त्या दिवशी कासव पाहिलं, पाण्यात पोहणारं. आयुष्यात इतका निर्धास्त मी क्वचितच झालो असेन.

परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. खोपीसमोर दोन माणसं बसली होती. दाराशी, अगदी दाराशी. वाळूत एक छोटी होडी ओढलेली.

"ए, कौन है?" मी लांबूनच ओरडलो आणि पळत सुटलो. "उधर क्या करता है?"

ती उठली नाहीत. जवळ गेल्यावर दिसलं, त्यातल्या तरुणाने डावा हात अंगरख्यात गुंडाळला होता आणि अंगरखा लाल होता. माशाचा मोठा गळ तळव्यातून आरपार गेलेला. दुसरा म्हातारा त्याला झावळीने वारा घालत होता. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. विहीर खोपीमागे होती, पण पोहरा आत. पाणी, चिंध्या, औषधांची पेटी, सगळं आत.

मेल्विनने दाराकडे पाहिलं. कुलूप पाहिलं. मग माझ्याकडे. आणि हात पुढे केला. मी चोरखिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

सूर्य माथ्यावर यायच्या कितीतरी आधीपासून ती दोघं बसली होती. ते दार पोराटोराने लाथ मारली तरी आत गेलं असतं. भिंतीच्या झावळ्या बाजूला सारून पेटी खाली ओढता आली असती. पण त्यांच्यात खोपीला कुलूप कुणी लावत नाही, आणि लावलंच आहे तर काहीतरी कारण असेल, असं धरून ती बाहेर थांबली. केतकीने त्या पोराचा हात धरून ठेवला, मेल्विनने पकडीने गळाचं टोक कापलं, मग तिने पट्टी बांधली. मुलगा ओरडला नाही. शैला त्याला पाणी पाजत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय केलंत हो हे?"

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, त्याबरोबर रागही आला. मला कुणी सांगितलं का नाही, याचा राग. मेल्विनला सांगता आलं असतं, की इथे ही खोपी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांची असते. पण कुणी कुलूप घेऊन येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

हमजाक्का संध्याकाळी आला. ती दोघं त्याला पाण्यातच भेटली. मग त्याने मेल्विनला हाक मारली. किनाऱ्यावर उभं करून हमजाक्का त्याला बोलत होता, बराच वेळ, मोठ्याने, हात उगारून. मेल्विन मान खाली घालून उभा. मध्येच त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. मी लांबून बघत होतो. भाषा कळत नसली तरी हा हावभाव मला पाठ आहे.

तो जेवायला आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होता हमजाक्का?"

"काही नाही, अंकल. इंजिनचं चाललं होतं."

ठीक आहे, म्हटलं. ड्रायव्हर एकीकडे, मालक दुसरीकडे.

सकाळी हमजाक्का पाण्याच्या कडेला ट्यूना कापत होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"कल आप उसको बहुत बोले."

"हाँ. बोला."

"ताला मेरा था," मी म्हणालो. एवढं म्हणायला मला पूर्ण मासा कापून होईपर्यंत वेळ लागला.

"मालूम है," हमजाक्का म्हणाला. "वो बोलता, मेरा ताला है. उसके पास किधर से आएगा ताला? पाँच साल से आता है. चप्पल भी किधर भी छोड़ता."

"फिर उसको क्यों डाँटा?"

त्याने सुरी धुतली. मी काहीतरी अगदी साधं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तुम मेहमान है. मेहमान को नहीं बोलता. जो लाया, उसको बोलता. परमिट पे मेरा नाम है, तो गाँव मेरे को बोलेगा. मैं उसको बोलेगा."

"और वो मेरे को बोलेगा?"

"बोला?"

"नहीं."

"तो बस," तो म्हणाला आणि माशाचं डोकं बगळ्याकडे फेकलं.

माझ्या हातात सगळं होतं. खोटी जबानी, साक्षीदार, पुरावा. अशा केसमध्ये मी नेहमी लाल शाईने 'नामंजूर' एवढा एक शब्द लिहीत असे आणि घरी जाऊन झोपत असे. पण इथे नुकसान त्याचं झालं होतं आणि वाचलो मी होतो. अशी केस माझ्यापुढे कधी आली नव्हती. राहिलेले दिवस मी त्या मुलावर नजर ठेवली, सवयीने. तो माशांच्या काट्यांसकट सगळं खातो, झोपेत घोरतो, आणि शैलाला पाण्यातून बाहेर यायला हात देताना आधी स्वतःचा हात लुंगीला पुसतो.

परत

कोचीच्या ज्या माणसाने आम्हाला गाडी करून दिली त्याने आम्हाला लुबाडलं, हे माझं मत अजून कायम आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. केतकीने येऊन स्पीकरचं बटण दाबलं आणि समोर उभी राहिली. शैलाने कुकरखालचा गॅस बंद केला.

"झाली चौकशी?" अण्णा.

"झाली."

"काय निघालं?"

"मुलगा खोटं बोलला," मी म्हणालो. "एकदा. मी पकडला."

केतकीचा चेहरा मी बघितला नाही, बघवला नसता. अण्णा खाकरले. "मग झालं तर. संपला विषय."

"नाही. द्यायची आपण मुलगी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? खोटारडा म्हणतोस आणि द्यायची म्हणतोस. आपलं त्यांच्यात कुणी नाही, ओळखीचं माणूस नाही. उद्या काही वाकडं झालं, तर आम्ही बोलायचं कुणाला?"

"मला," मी म्हणालो. "त्याला घरात मी आणलाय, अण्णा. मला बोलायचं."